दोन अक्षरं, दोन्ही चुकीची

जून २०२२ मध्ये सांगोल्याचे तत्कालीन आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीच्या हॉटेलात होते. तिथून त्यांनी एका कार्यकर्त्याशी फोनवर गप्पा मारल्या, त्या रेकॉर्ड झाल्या आणि बघता बघता महाराष्ट्रभर फिरल्या. काय झाडी, काय डोंगार, काय हाटील, अशी तारीफ करून बापूंनी शेवटी निकाल दिला तो सगळं ‘एकदम ओक्के’मध्ये असल्याचा. राजकारण बाजूला ठेवून हा निकाल ऐकला, तर त्यात एक गंमत सापडते. इंग्रजीत एखादी गोष्ट ओके असते; ओकेच्या आत कधी नसते. बापूंनी त्या विशेषणाला ‘मध्ये’ लावून त्याचा मुक्कामाचा पत्ता करून टाकला. शिवाय मधला क असा ठासून जोडला की शब्द थेट पक्कं, चक्क, धक्का यांच्या पंगतीत जाऊन बसला.

दुसरी गंमत अर्थाची. लंडनमधल्या माणसाला हॉटेल कसं होतं विचारलं आणि तो ‘ओके होतं’ म्हणाला, तर त्या हॉटेलात उतरावं की नाही याचा विचार करावा लागतो. गाद्या फाटलेल्या नव्हत्या, झुरळं दिसली नाहीत, पण पुन्हा जाणार नाही, इतकं सगळं त्या एका शब्दात येतं. सांगोल्याच्या ओक्केत मात्र कसलीच कसर नाही. त्याच्या वर पायरीच नाही. एकच शब्द एका भाषेत काठावर पास आणि दुसऱ्या भाषेत पहिल्या नंबरात! पुढे विधान भवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी त्याचं ‘खोके’शी यमक जुळवून घोषणा दिल्या, तेव्हा त्याला उपहासाची धारही चढली.

या शब्दाचा जन्मही मुळात थट्टेतच झाला. २३ मार्च १८३९ रोजी अमेरिकेतल्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’ या दैनिकाच्या दुसऱ्या पानावर एक खुसखुशीत स्फुट छापून आलं. संपादक होते चार्ल्स गॉर्डन ग्रीन. बॉस्टनमध्ये घंटा वाजवण्याच्या वादावरून स्थापन झालेलं एक थट्टेखोर मंडळ होतं, घंटावादनविरोधी मंडळ म्हणावं असं. त्या मंडळाच्या सभासदांच्या प्रवासावरून शेजारच्या प्रॉव्हिडन्स शहरातल्या वर्तमानपत्राला चिमटा काढताना ग्रीन यांच्या पत्राने ‘ओ. के.’ ही दोन अक्षरं वापरली आणि लगेच पुढे अर्थही दिला: ऑल करेक्ट, म्हणजे सगळं अचूक. आता ऑल या इंग्रजी शब्दाचं पहिलं अक्षर ए आणि करेक्टचं सी. म्हणजे ‘सगळं अचूक’ असं सांगणाऱ्या दोन अक्षरांतलं एकही अक्षर अचूक नव्हतं. विनोद होता तो एवढाच.

त्या काळात बॉस्टनच्या पत्रकारांना असल्या आद्याक्षरांचं वेडच लागलं होतं. नो गो, म्हणजे जमणार नाही, यासाठी एन. जी.; किरकोळ मामला असेल तर एस. पी., म्हणजे स्मॉल पोटॅटोज. गावातून पोबारा केलेल्याला जी. टी., म्हणजे टेक्ससला गेला. मुद्दाम अडाण्यासारखं स्पेलिंग करून त्याचं लघुरूप करणं ही तर आणखी वरची पायरी. ऑल राइटचं ओ. डब्ल्यू. झालं, नो यूजचं के. वाय. झालं. आजची मुलं व्हॉट्सॲपवर जे करतात आणि ज्यावरून त्यांचे आजोबा भाषा बुडाल्याची तक्रार करतात, तेच हे दाढीवाले संपादक १८३९ मध्ये छापील कागदावर करत होते. ती सगळी लघुरूपं वर्षा-दोन वर्षांत पालापाचोळ्यात गेली. ओ. के. तेवढं वाचलं.

वाचलं ते निवडणुकीमुळे. १८४० मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरेन दुसऱ्यांदा उभे राहिले. त्यांचा जन्म न्यूयॉर्क राज्यातल्या किंडरहूक गावचा. घरात डच बोलली जाई. समर्थकांनी त्यांना ‘ओल्ड किंडरहूक’ असं लाडकं नाव दिलं आणि न्यूयॉर्कमध्ये ओ. के. क्लब स्थापन केला. आपला नेता ओ. के. आणि आपला कारभारही ओ. के., अशी दुहेरी सोय. विरोधकांनी तीच अक्षरं उलटवली: यांच्या राज्यात पैसा संपला, पत संपली, अंगावरचे कपडे संपले, आणि हे सगळे शब्द के अक्षराने चुकीचे लिहायचे. त्यातच एक कंडी पिकली, की व्हॅन ब्यूरेन यांचे गुरू, माजी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना स्पेलिंग येत नसे, म्हणून कागदपत्रांवर मंजुरी देताना ते ऑल करेक्टच्या जागी ओ. के. लिहीत. गोष्ट बनावट होती, पण ती इतकी फक्कड होती की लोकांनी ती खरी मानली. व्हॅन ब्यूरेन निवडणूक हरले. शब्द मात्र देशभर पोचला, आणि जॅक्सनच्या त्या खोट्या गोष्टीमुळे कागदावर मंजुरीदाखल ओ. के. लिहिण्याची रीत खरोखरच पडली.

यानंतर त्याला नोकरी मिळाली तारखात्यात. मजकूर नीट मिळाला, हे पलीकडच्या तारमास्तरला कळवायला दोन अक्षरं पुरत होती. अमेरिकेतल्या रेल्वेनेही तो उचलला. आपल्याकडच्या रेल्वेत गार्ड आणि ड्रायव्हर अजूनही एकमेकांना ‘ऑल राइट’चा इशारा देतात; तिथे ओकेला जागा मिळाली नाही.

आपल्या गावच्या माणसाने हा शब्द काढला, असा दावा मात्र निम्म्या जगाने केला. अमेरिकेतल्या चॉक्टॉ आदिवासींच्या भाषेत ‘असंच आहे’ या अर्थाचा ‘ओके’सारखा शब्द आहे. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचा त्याच व्युत्पत्तीवर विश्वास होता आणि मंजुरी देताना ते शेवटी एच लावून ‘ओकेह’ लिहीत. ग्रीक म्हणतात, ‘ओला काला’ म्हणजे सगळं छान, त्यावरून आला. स्कॉटिश लोक ‘ऑख आय’कडे बोट दाखवतात. पश्चिम आफ्रिकेतल्या वोलोफ भाषेत ‘वाव के’ हा होकार आहे. गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर तो अमेरिकेत गेला, असं सांगणारेही आहेत. बिस्किटवाले, रेल्वेचे कारकून, जर्मन सेनाधिकारी असे आणखी बरेच वारसदार रांगेत होते. कोलंबिया विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ ॲलन वॉकर रीड यांनी जुनी वर्तमानपत्रं पिंजून काढली आणि १९६३-६४ मध्ये ‘अमेरिकन स्पीच’ या नियतकालिकात एकामागून एक लेख लिहून बॉस्टनच्या त्या स्फुटापर्यंतचा माग पुराव्यानिशी मांडला. ऑक्सफर्डचा मोठा कोशही आज तीच व्युत्पत्ती देतो. तरीही प्रत्येक पार्टीत कुणीतरी नवी कथा सांगतोच.

हे झालं जन्माचं. शब्दाची खरी करामत वापरात आहे. ‘ऑफिसने ओके दिला’ म्हटलं की तो नाम, ‘साहेबांनी फाइल ओके केली’ म्हटलं की क्रियापदाचा भाग, ‘तब्येत ओके आहे’ मध्ये विशेषण, आणि वाक्याच्या सुरुवातीला नुसताच ‘ओके, तर...’ आला की धड कुठल्याच खात्यात न बसणारा. मराठीत त्याला ना लिंग लागतं ना वचन: मुलगा ओके, गाडी ओके, कागदपत्रं ओके. मूळ अर्थ ‘अचूक’ हा होता; पण अचूक असण्यापेक्षा ‘चुकीचं नाही’ एवढंच सांगण्याकडे तो घसरत गेला. ‘ओके: द इम्प्रॉबेबल स्टोरी ऑफ अमेरिकाज ग्रेटेस्ट वर्ड’ हे पुस्तक लिहिणारे ॲलन मेटकाफ यांचा मुद्दा हाच आहे की, हा शब्द होकार देतो पण मत देत नाही. म्हणूनच तो सगळीकडे चालतो.

म्हणजे नेमकं काय होतं, ते एका फोनवर बघावं. एका बाजूला लग्नाची तयारी करणारा वधूपिता, दुसऱ्या बाजूला केटरर.

‘काका, सकाळी नाश्त्याला उपमा आणि शिरा, ओके?’

‘ओके.’

‘जेवणात मसालेभात, अळूची भाजी, जिलबी, मठ्ठा.’

‘ओ...के.’

‘ताटाला साडेचारशे पडतील.’

‘ओके.’

‘आणि निम्मे आगाऊ लागतील, काका.’

‘ओके ओके, पण आधी हॉलचं नक्की होऊ दे.’

‘ओके, मग संध्याकाळी करतो फोन.’

‘ओके. चला.’

यातला पहिला ओके हा प्रश्न, दुसरा होकार. लांबवलेला तिसरा म्हणजे ऐकतोय, लिहून घेतोय, बोलत राहा. चौथा होकारासारखा दिसतो, पण त्यात भावाला मान्यता नाही. रक्कम कानावर पडली, एवढीच पोच आहे. बाहेरगावहून आलेला नवखा केटरर तिथेच फसतो आणि साडेचारशे ठरले असं समजून बसतो. जोडीने आलेला ‘ओके ओके’ हा समोरच्याचं तोंड बंद करण्यासाठी. शेवटचे दोन फोन ठेवायच्या तयारीचे. हे फोन ठेवणं वाटतं तितकं सोपं नसतं. इमॅन्युएल शेग्लॉफ आणि हार्वी सॅक्स या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये संभाषण संपतं कसं यावर एक गाजलेला निबंध लिहिला. त्यात त्यांनी दाखवलं की माणसं एकदम निरोप घेत नाहीत. आधी एक रिकामा शब्द टाकून ‘तुला आणखी काही बोलायचंय का’ अशी संधी देतात. इंग्रजीत ते काम ओके करतो. मराठीत हे काम पूर्वीपासून ‘बरं’ करत आलं आहे. हल्ली दोघांची भागीदारी आहे: ‘ओके, बरं, चल मग, ठेवते.’

लिहिताना आवाजाचा चढउतार नसतो, मग स्पेलिंगवर भार पडतो. पोराने आईला नुसतं ‘के’ पाठवलं तर आईला काही वाटत नाही. पण मैत्रिणीने पाठवलं, तर काय बिनसलं याची दोन तास चर्चा होते. ‘ओके’पुढे पूर्णविराम दिसला की तरुण मंडळींना त्यात राग दिसतो, आणि पन्नाशीच्या काकांना कळतच नाही की आपण शुद्ध लिहिलं यात बिघडलं काय. पिढ्यांमधली ही दरी २०१९ मध्ये ‘ओके बूमर’ (बूमर म्हणजे जुन्या पिढीतला) या शेऱ्याने जगजाहीर केली. न्यूझीलंडच्या संसदेत हवामानबदलाच्या विधेयकावर बोलताना पंचवीस वर्षांच्या खासदार क्लोई स्वारब्रिक यांना एका ज्येष्ठ सदस्याने मध्येच टोकलं. भाषण न थांबवता त्यांनी ‘ओके बूमर’ म्हटलं आणि पुढचं वाक्य सुरू केलं. इथे ओकेचा अर्थ होता: तुमचं चालू द्या, आम्ही ऐकत नाही.

त्याच्या अगदी उलट टोकाला थॉमस हॅरिस यांचं १९६७ चं ‘आय ॲम ओके, यू आर ओके’ हे मानसशास्त्रावरचं लोकप्रिय पुस्तक. माणूस स्वतःकडे आणि इतरांकडे ज्या चार नजरांनी पाहतो त्यांची मांडणी त्यात या एकाच शब्दाने केली आहे: मी ओके आणि तुम्ही नाही, तुम्ही ओके आणि मी नाही, वगैरे. ‘चांगला’ म्हटलं असतं तर त्यात नीतीचा वास आला असता, ‘यशस्वी’ म्हटलं असतं तर स्पर्धेचा. ओकेला कसलाच वास नाही, म्हणून तो इथे कामी आला.

पैशाचा व्यवहार असतो तिथे मात्र हा गुळमुळीत शब्द एकदम करारी होतो. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे जावं. तो व्हॉट्सॲपवर डिझाइन पाठवतो आणि खाली लिहितो, ‘चेक करून ओके करा.’ घरातली पाच माणसं ते पाहतात. कुणी गणपतीचा रंग बदलायला सांगतं, कुणी निमंत्रकांत धाकट्या काकांचं नाव राहिलं म्हणतं, आणि शेवटी रात्री अकराला वधूचा भाऊ ‘ओके’ टाकतो. सकाळी पाचशे पत्रिका छापून तयार असतात आणि ‘चि. सौ. कां.’ पुढच्या नावातली वेलांटी उलटी फिरलेली असते. छापणारा शांतपणे मोबाइल पुढे करतो: ओके तुम्हीच केलंय. भांडण तिथेच संपतं. जुन्या छापखान्यात यासाठी ‘प्रिंट ऑर्डर’ असे, प्रुफावर सही असे. आता त्या सहीचं वजन या दोन अक्षरांत आलं आहे.

गॅरेजवालाही ‘ब्रेक ओके केलेत, ट्रायल मारून बघा’ म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘बरे आहेत’ असा होऊच शकत नाही. सिनेमाच्या सेटवर दिग्दर्शकाने ‘ओके’ म्हटलं की तो टेक घेतला गेला; नाहीतर नोंदीत त्याच्यापुढे ‘एनजी’ लागतं. तिथे एनजीचा विस्तार ‘नो गुड’ असा करतात. अक्षरं तीच, बॉस्टनच्या पत्रकारांच्या यादीतली!

आणि ट्रकच्या मागचं ‘हॉर्न ओके प्लीज’? त्याचा उगम सांगणाऱ्या कथाही कमी नाहीत. दुसऱ्या महायुद्धात डिझेलच्या टंचाईमुळे ट्रक रॉकेलवर चालत आणि मागच्यांनी जपून असावं म्हणून ‘ऑन केरोसीन’ लिहीत, ही एक. ओके नावाच्या साबणाची ती फुकट जाहिरात होती, ही दुसरी. पुढून वाहन येत नसेल तर ट्रकवाला मधला दिवा लावून मागच्याला ‘ये पुढे’ म्हणायचा आणि त्या दिव्यापाशी ओके लिहिलेलं असायचं, ही तिसरी. तिन्हींना पुरावा नाही. तिसरी निदान रस्त्यावरच्या अक्कलहुशारीला धरून आहे. महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने एप्रिल २०१५ मध्ये ट्रकवर ही पाटी रंगवण्यास बंदी घातली, कारण ती उगाच हॉर्न वाजवायला चिथावणी देते. घंटावादनविरोधी मंडळाच्या बातमीत जन्मलेल्या शब्दावर पावणेदोनशे वर्षांनी गोंगाटाचा ठपका यावा, हे ग्रीन साहेबांना नक्की आवडलं असतं.

अधिकृत यंत्रणांनी ओकेला जवळ केलं, तेव्हाही गोंधळ झालाच. ५ मे १९६१ रोजी ॲलन शेपर्ड अवकाशात जाणारे पहिले अमेरिकन ठरले. नासाचे जनसंपर्क अधिकारी जॉन पॉवर्स यांनी पत्रकारांना सांगितलं की शेपर्ड यानातून ‘ए-ओके’ म्हणाले. शब्द रातोरात लोकांच्या तोंडी बसला. यानाचं संभाषण तपासलं तर शेपर्ड तसं म्हणालेच नव्हते.

संगणकाच्या पडद्यावर ओकेचं बटण आलं, तेही आडवाटेने. ॲपल कंपनी १९८३ मध्ये बाजारात आलेल्या ‘लिसा’ संगणकावर काम करत होती, तेव्हाची ही हकिकत. आज्ञा पक्की करायच्या बटणावर आधी ‘डू इट’ असं लिहिलं होतं, कारण ओके हा शब्द जरा गल्लीतला वाटत होता. चाचणीला बसवलेली माणसं मात्र त्या बटणाशी अडखळत. एकजण तर चिडलाच: हे यंत्र मला मूर्ख का म्हणतंय? दोन शब्दांमधली जागा इतकी कमी होती आणि अक्षरांचं वळण असं होतं, की ‘डू इट’च्या जागी त्याला ‘डोल्ट’, म्हणजे ठोंब्या, दिसत होतं. मग ओके आला आणि जगभरच्या पडद्यांवर राहिला. मराठीतून संगणक वापरणाऱ्यांना त्या बटणावर कुठे ‘ठीक’ दिसतं, कुठे ‘ठीक आहे’, कुठे सरळ ‘ओके’. ‘फाइल सेव्ह होऊ शकली नाही’ या बातमीखाली ते एकुलतं एक बटण असतं, तेव्हा त्यातला ‘सगळं अचूक’ हा अर्थ जरा जास्तच झोंबतो.

अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेली ओकेची खूणही शब्दासारखीच बेभरवशाची. जपानमध्ये त्या गोलाचा अर्थ नाणं, म्हणजे पैसा, असाही होतो. ब्राझीलमध्ये ती शिवी आहे. २०१७ मध्ये इंटरनेटवरच्या काही टवाळांनी ही गोऱ्या वर्णवर्चस्ववाद्यांची खूण असल्याची अफवा मुद्दाम उठवली. नंतर खरोखरच्या वर्णद्वेष्ट्यांनी ती उचलली, आणि २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ॲन्टी-डिफेमेशन लीग या संस्थेने द्वेषचिन्हांच्या यादीत तिची नोंद केली. थट्टा म्हणून सुरू झालेली गोष्ट खरी होण्याची या अक्षरांना सवयच दिसते.

पाण्याखाली मात्र या खुणेबद्दल वाद चालत नाही. तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगसाठी गेलेल्या पर्यटकाला पाण्यात उतरण्याआधी हेच पहिल्यांदा शिकवतात. प्रशिक्षक बोटांचा गोल करून विचारतो, ठीक आहेस ना? ठीक असेल तर तोच गोल करून उत्तर द्यायचं. मासे बघून आनंद झाला म्हणून अंगठा वर केला, तर प्रशिक्षक वर घेऊन येतो, कारण तिथे अंगठ्याचा अर्थ ‘वर चला’ एवढाच. कान दुखत असेल तर पंजा आडवा धरून डुगडुग हलवायचा आणि कानाकडे बोट दाखवायचं. नुसती मान डोलावलेली चालत नाही.